आकडे आधी हातात, पाटीवर नंतर

मागच्या मे महिन्यात घरी पाहुणे आले होते अन् माझ्या पोरीने, चार वर्षांची व्हायला तिला अजून दोन महिने होते, एक ते पन्नास धडाधड म्हणून दाखवले. टाळ्या पडल्या, माझीही कॉलर जरा टाइट झाली. मग शरबत करायचं होतं तर आजी तिला म्हणाली, "जा बाई, फ्रिजमधून चार लिंबं आण." पोरगी फ्रॉकच्या ओच्यात भरून नऊ-दहा लिंबं घेऊन आली. "काऊन वं, इतकी?" तर म्हणे, "चारच तर आहेत!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ती मोजत नव्हती, ती गाणं म्हणत होती. एक-दोन-तीन-चार हे तिच्यासाठी अडगुलं-मडगुलंसारखंच होतं, चाल पाठ, अर्थाचा पत्ता नाही. म्हणणं वेगळं अन् मोजणं वेगळं, हे आपल्याला मोठ्यांना लक्षातच येत नाही कारण आपण दोन्ही एकदमच करतो. त्यानंतरच्या वर्षभरात मी तिच्यासोबत, अन् उन्हाळ्यात दुपारी पंचेचाळीस डिग्रीत बाहेर जाता येत नाही म्हणून आमच्याकडे येऊन बसणाऱ्या बिल्डिंगमधल्या दोन-तीन पोट्ट्यांसोबत जे जे करून पाहिलं, ते इथं क्रमाने लिहून राहिली. साधारण अडीच ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी आहे, पण वयापेक्षा लेकरू कुठवर आलंय ते बघा.

सुरुवातीला एक छोटी परीक्षा, पण त्याला कळू न देता

समोर बाटल्यांची दहा-बारा झाकणं ठेवा (लेकरू तीन वर्षांखालचं असेल तर वाट्या) अन् म्हणा, "मला एक दे." दिलं? मग "दोन दे." मग "तीन दे." बस, एवढंच. बहुतेक लेकरं आधी फक्त "एक" बरोबर देतात, बाकी काहीही मागा, मूठ भरून देणार. मग काही महिन्यांनी "दोन" कळतो, मग परत काही महिन्यांनी "तीन". अन् चारच्या आसपास पोचलं की एकदम गंमत होते, त्याला मोजण्याची अख्खी युक्तीच सापडते, मग पाच, सहा, सात मागा, मोजून आणून देतो. हे साधारण साडेतीन-चारच्या पुढे-मागे होतं, कुणाचं लवकर कुणाचं उशिरा. मधले महिने काहीच होत नाहीये असं वाटतं तेव्हा घाई करू नका, माझी हीच चूक झाली होती. "तीन" नीट आला नसताना मी वीसपर्यंतची झाकणं तिच्यापुढे ओतत होते.

तर नियम असा धरा की लेकरू जो आकडा हातात बरोबर देतं, त्याच्या फक्त एक पुढचा खेळायला घ्यायचा.

सामान

वेगळं किट घ्यायची गरज नाही. बर्फाचा ट्रे, स्टीलच्या वाट्या, एक परात, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, मोठी बटणं, आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड, अर्धा किलो रवा. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपरचे (लाकूड घासायचा खरखरीत कागद) दोन-तीन कागद, जाड नको, मधला. चिंचोके आजीच्या डब्यात असतातच, नसले तर आमच्या नागपुरात इतवारीच्या बाजारात फिरताना मिळून जातात.

आता हे जरा नीट वाचा. तीन वर्षांखालच्या लेकराला टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाईल अशी कोणतीच वस्तू खेळायला देऊ नका, ती गळ्यात अडकू शकते. त्यांच्यासाठी मोठे कांदे, मोठे आलू, वाट्या असंच नळीतून न जाणारं काहीतरी घ्या. तीनच्या वरच्यांनाही चिंचोके, बटणं दिली तर तिथेच बसा, "मी आलेच गॅस बंद करून" नाही. आमच्याकडे एकदा हेच झालं, भिजवलेला चना एका पोट्ट्याने नाकात घातला अन् आतल्या ओलाव्याने तो अजूनच फुगला, दवाखान्यात जाऊन काढावा लागला. नाकात काही गेलं तर घरी पिन, चिमटा घालून काढायला जाऊ नका, आणखी आत जातं. कच्चा राजमा देऊ नका, पोटात गेला तर त्रास होतो. अन् गुंजा, लाल-काळ्या, दिसायला फार सुंदर, जुन्या घरांत सोनं तोलायच्या म्हणून अजून डबीत सापडतात, त्या तर अजिबात नको, त्यांचं बी फुटून पोटात गेलं तर जीवावर बेततं. पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत जेली बॉलही नको, ते पोटात जाऊन फुगतात. घड्याळाचे बटण सेल तर घरात कुठेच खाली नको.

पायरी १: जोड्या लावणं, मोजायचं काहीच नाही

याला फार वेळ लागत नाही पण सोडू नका. प्रत्येक वाटीत एक चमचा. प्रत्येक माणसाला एक ताट. लाल झाकणं इकडे, निळी तिकडे. जेवायला बसायच्या आधी ताटं मांडायचं काम लेकराला द्या अन् मुद्दाम एक ताट कमी द्या. "बाबांना नाही आलं!" असं तो ओरडला की समजा गणित सुरू झालं, अजून एकही आकडा म्हटला नाही तरी.

पायरी २: एक हात, एक शब्द

इथं सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून इथं थांबा. लेकराचं बोट अन् तोंड वेगवेगळ्या स्पीडने चालतं, बोट तिसऱ्या बटणावर असतं अन् तोंड पाचवर गेलेलं असतं, किंवा एकाच बटणाला दोनदा हात लावून होतो. तोंडाने कितीही सांगा, काही होत नाही. वस्तू हलवायला लावा. नुसतं बोट ठेवून मोजायचं नाही, उचलून दुसरीकडे ठेवायचं. म्हणून बर्फाचा ट्रे लागतो, एका खणात एकच चिंचोका, टाकला की "एक", पुढच्या खणात टाकला की "दोन". खण भरला म्हणजे तो झाला, परत मोजता येत नाही.

ट्रे जमला की स्टीलचा रिकामा डबा घ्या. बटण टाकलं की टण्ण वाजतं. दर टण्णला एक आकडा. हे पोट्ट्यांना इतकं आवडतं की शेजारचे तक्रार करतील, पण आवाज अन् आकडा जोडला जातो. मग उलट करा, लेकराने डोळे मिटायचे, तुम्ही हळूहळू तीन बटणं टाकायची, "किती वाजले?" फक्त कानाने मोजणं जरा कठीण असतं कारण आवाज निघून जातो, दिसायला काही उरत नाही, म्हणून दोन-तीनच्या वर आधी जाऊ नका.

आधी ओळीत मांडलेलं मोजायला द्या, मग पसरलेलं, अन् गोल मांडलेलं सगळ्यात शेवटी. हे मला नागपुरातल्या झिरो माईलच्या दगडी खांबापाशी कळलं. तिथे खांबाजवळ ते चार घोडे आहेत ना, आम्ही फिरायला गेलो तर पोरीला म्हटलं मोज. एका बाजूने उभं राहिलं तर सगळे एकदम दिसत नाहीत, म्हणून ती फिरून फिरून मोजायला लागली अन् सात आले! कारण सुरुवात कुठून केली हे तिला आठवतच नव्हतं, फेरी संपली तरी मोजणं चालूच. मग मी बाबांना एका घोड्यासमोर उभं केलं अन् म्हटलं, "बाबांपासून सुरू कर, परत बाबा आले की थांब." चार आले. घरी गोल मांडलेल्या वाट्यांमध्येही पहिल्या वाटीत एक फूल ठेवा, तेच काम होतं.

पायरी ३: "मग किती झाले?"

लेकरू पाच झाकणं बरोबर मोजतं, एक, दोन, तीन, चार, पाच. तुम्ही विचारता "किती आहेत?" अन् तो परत एकपासून सुरू करतो. चुकला नाही तो. शेवटी म्हटलेला शब्द म्हणजे सगळ्या ढिगाचं नाव, हे त्याला अजून कळलं नाही. त्याला वाटतं "पाच" हे त्या शेवटच्या झाकणाचं नाव आहे, जसं पिंटू, चिंटू, तसं पाच.

यासाठी मोजून झालं की हाताने सगळ्यांभोवती गोल फिरवा अन् म्हणा, "हे सगळे मिळून पाच." मग त्यावर गंज (पातेलं) पालथा घाला, झाकून टाका. "आत किती?" दिसत नाही म्हणजे परत मोजता येत नाही, आठवावंच लागतं. थोड्या दिवसांनी त्याच्यासमोरच गंजाखालून एक काढा, "आता किती?" वजाबाकी, पण हा शब्द आपण अजून सहा महिने तरी काढणार नाही.

दुसरा खेळ, कापडी पिशवीत लिंबं टाकायची अन् न बघता हात घालून तीन काढायची. डोळे बंद असले की बोटांना कळावं लागतं.

सोलल्यावर संत्र्याच्या फोडी मोजायला मज्जा येते अन् नागपुरात त्याची काय कमी, नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री अन् फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची, वर्षातून दोनदा संधी. आधी अंदाज करायचा, "किती निघतील?" मग उघडायचं. दर वेळी सारख्या निघत नाहीत, कधी दहा कधी अकरा, म्हणून पाठ करून चालत नाही, मोजावंच लागतं. बिया वेगळ्या वाटीत, बिया खाली सांडू देऊ नका.

अन् एक गोष्ट सांगून ठेवते, मी घाबरले होते म्हणून. सहा बटणं जवळ-जवळ मांडा, खाली सहा लांब-लांब मांडा, चार वर्षांचं लेकरू म्हणणार खालच्या ओळीत जास्त आहेत, तुम्ही समोर मोजून दाखवलं तरी. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं होतं, सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक लेकरांना लांबी म्हणजेच संख्या वाटते. त्यावर वाद घालू नका, आपोआप जातं.

पायरी ४: आकडा कसा दिसतो

आता कुठे लिहिलेला आकडा आणायचा, पण पेन्सिल नाही. आजीने धूळपाटीची गोष्ट सांगितली, पूर्वी फळ्यावर धूळ पसरून त्यावर बोटाने अक्षरं गिरवायचे, चुकलं की हात फिरवला, पुसलं. आपण परातीत रवा पसरायचा, एक बोट जाडीचा, त्याच्यावर नाही. चुकीची खूण राहत नाही म्हणून लेकरू घाबरत नाही, वहीवर खोडरबराने भोक पडतं तसं इथं काही नाही. फक्त कुलरसमोर बसू नका! आम्ही मे महिन्यात भर दुपारी कुलरच्या झोतात परात घेऊन बसलो, पंधरा सेकंदांत रवा सोफ्यावर, केसांत, चहात. अन् काम झालं की डब्यात भरून ठेवा, मुंग्या लागतात. रव्याचा कंटाळा आला तर ओली वाळू, कणकेचे लांब वळकटे करून आकडा बनवणं, हेही करा.

पॉलिश पेपरचे आकडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. ही युक्ती मारिया माँटेसरींची. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं, तिथल्या साधनांमधले हे खरखरीत आकडे. १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या अन् दुसऱ्या महायुद्धामुळे बरीच वर्षं भारतातच राहिल्या. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी हीच दृष्टी घेऊन आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डी अन् नंतर कोसबाडला बालवाडी गावातल्या, आदिवासी पाड्यातल्या लेकरांपर्यंत नेली, महागडी साधनं नाही तर आसपासच्या बिया, शंख, काड्या घेऊन. म्हणजे आपण चिंचोके वापरतोय ते काही जुगाड नाही, त्याला परंपरा आहे.

वापरायचं असं. पहिलं अन् मधलं बोट एकत्र, आकडा जसा लिहितो त्याच दिशेने फिरवायचं, फिरवताना नाव घ्यायचं. एका वेळी दोन, फार तर तीन आकडे. आधी तुम्ही सांगा "हा तीन." मग "तीन कुठेय, दाखव." अन् एकदम शेवटी, दोन-चार दिवसांनी, "हा कोण?" आपण बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, म्हणून लेकरू गप्प बसतं. दर वेळी आकड्याच्या खाली तितकी बटणं मांडायची, नाहीतर ते नुसतं चित्र होतं.

मराठीत अन् इंग्रजीत दोन्ही शिकवायचं असेल तर दोन्ही एकाच दिवशी नका आणू. आपला ३ अन् ६ आरशात बघितल्यासारखे आहेत, १ अन् ९ चं तसंच, त्यात इंग्रजीतला नऊ आपल्या १ सारखा दिसतो, अन् इंग्रजी आठ म्हणजे आपला ४ वरून बंद केलेला. लेकरू गोंधळलं तर त्याची काही चूक नाही. आम्ही मराठीचे पॉलिश पेपरचे अन् इंग्रजीचे मखमलीच्या कापडाचे केले, हाताला वेगळे लागतात, मग बोट स्वतःच ओळखतं. आमच्या पोरीच्या शाळेत इंग्रजीच आधी हवं होतं, तर आम्ही घरी इंग्रजी आधी घेतलं, मराठी तीन महिन्यांनी, काही बिघडलं नाही.

पायरी ५: शून्य अन् पंचेचाळीस काड्या

ही माझी सगळ्यात आवडती. मिठाईच्या दोन डब्यांत पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून दहा खण करा, किंवा दहा कागदी ग्लास ओळीत ठेवा. त्यावर ० ते ९ लिहा. आइस्क्रीमच्या बरोबर ४५ काड्या द्या, एक कमी नाही एक जास्त नाही. १ मध्ये एक, २ मध्ये दोन, असं ९ पर्यंत टाकायच्या, बेरीज केली तर ४५ होते. म्हणजे शेवटी ९ च्या ग्लासात काडी कमी पडली किंवा हातात एक उरली, तर कुठेतरी चुकलंय हे लेकराला स्वतःलाच कळतं, तुम्हाला "चुकलं" म्हणावंच लागत नाही. तो परत जाऊन शोधतो. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवायचं, ते अवघड आहे, मला अजून जमत नाही.

० चा ग्लास रिकामाच. पोट्टे त्यात हमखास एक काडी टाकतात, त्यांना रिकामा ग्लास बघवत नाही. मग खेळ घ्या, "मला शून्य टाळ्या वाजवून दाखव." "शून्य उड्या मार." हात उचलून थांबतात अन् खो-खो हसतात. ताटात शून्य भेंडी वाढा म्हणून आमच्याकडे रोज मागणी असते आता.

पायरी ६: दहाच्या पुढे

काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून रबरबँड लावायचा. लेकरानेच लावायचा, वेळ लागला तरी. एक गठ्ठा अन् तीन सुट्या म्हणजे तेरा. गठ्ठा हातात जड लागतो, सुटी काडी हलकी, दहा म्हणजे काय ते वजनाने कळतं.

मराठीची एक खरी अडचण इथं येते. आपण "त्रेचाळीस" म्हणताना तीन आधी बोलतो अन् चाळीस नंतर, पण लिहिताना ४ आधी अन् ३ नंतर, म्हणून लेकरं ४३ चं ३४ करतात. अन् एकोणीस, एकोणतीस म्हणजे वीसला, तीसला एक कमी, मग सगळे एकोण असताना शेवटी नव्याण्णव मध्येच वेगळं! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. मला विचाराल तर घरी दोन्ही म्हणा. गठ्ठे हातात असताना "दोन गठ्ठे, तीन सुट्या, वीस अन् तीन, तेवीस." हात उजवा-डावा करायचा नाही, गठ्ठे नेहमी डाव्या बाजूला, सुट्या उजव्या. एकोणतीसला तीन गठ्ठे बांधायला घ्या अन् तिसऱ्यात एक काडी कमी पडू द्या, रबरबँड लागत नाही, "एक कमी आहे!" मग सांगा, म्हणूनच एकोणतीस. आजीलाही हे तेव्हाच कळलं म्हणाली.

पैसे एवढ्यात नको. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन फिरून पोरीने बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे) जमवला, अन् मोजायला बसली तर मी म्हटलं दहाचं नाणं एक आहे पण ते दहा आहे, ती पार गोंधळली अन् रडली. त्या वयात "नाणी किती" एवढंच विचारा, "रुपये किती" दुसरीत बघू.

रोज किती वेळ

दहा मिनिटं. लेकरू उठून गेलं की खेळ संपला, मागे पळू नका. त्यापेक्षा जिना चढताना पायऱ्या, आंघोळीला मग्गे, कुकरच्या शिट्ट्या, मेट्रोत बसलं तर स्टेशनं, हे फुकटात होऊन जातं. पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायला लावू नका. "अरे सोप्पंय" असंही म्हणू नका, त्याला ते सोपं नसतं.

शाळेतून एक ते शंभर लिहून आणायचं होमवर्क येतंच, अन् रोज भांडत बसता येत नाही. आमच्याकडे ठरलंय, आधी रव्यात एकदा, मग वहीत, अन् वहीत एका वेळी एकच ओळ. हात दुखला की काड्यांचे गठ्ठे सोडायचे अन् परत बांधायचे, त्यात बोटांना पेन्सिल धरायची ताकदही येते. अन् काड्या मोजून डब्यात ठेवा बरं, आमच्या ४५ च्या ४३ झाल्यात, दोन कुंडीत कडीपत्त्याला आधार म्हणून उभ्या आहेत.